बाळंतपणाची बॅग: भरणारी एक, उघडणारी दुसरी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: ३३वा आठवडा चालू आहे, पहिलीच वेळ, राहायला पुण्यात पण बाळंतपण माहेरी चिपळूणला. तारीख जुलैच्या शेवटच्या आठवड्यातली. मैत्रिणीने पाठवलेल्या यादीत साठेक वस्तू आहेत. सासूबाई म्हणतात, बाळ यायच्या आधी त्याचं काही घेऊन ठेवू नये. आई म्हणते, दवाखाना घरापासून जवळ आहे, लागेल ते आणता येईल. मग बॅगेत नक्की भरायचं काय, आणि किती?

मी बरीच वर्षं लेबर रूममध्ये सिस्टर म्हणून काम करते आहे, आधी सरकारी रुग्णालयात आणि आता एका खासगी प्रसूतिगृहात. एखादी वस्तू नव्हती म्हणून बाळंतपण अडलं, असं माझ्या पाहण्यात नाही. टोपडं नसेल तर शेजारच्या कॉटवरची आजी देते, चादर नसेल तर आम्ही देतो. अडतं ते वेगळ्याच जागी. बॅग भरलेली असते बाळंतिणीने, आणि बॅग उघडायची वेळ येते तेव्हा ती स्वतः बाळंतपणाच्या टेबलावर असते. बाहेर तिची आई किंवा नवरा रात्री अडीचला, घाबरलेल्या हातांनी, कधी न पाहिलेल्या बॅगेच्या चार चेन उघडत असतो. आत सगळं असतं, पण मागितलेलं सापडत नाही.

म्हणून माझं सांगणं एवढंच की बॅग तुमच्या सोयीने भरू नका, ती ज्याच्या हातात असेल त्याच्या सोयीने भरा. कोणती वस्तू कधी मागितली जाईल त्या क्रमाने भरा. हे एकदा डोक्यात बसलं की साठ वस्तूंची यादी आपोआप निम्मी होते.

आता काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधी मोकळेपणाने सांगते. सरकारी रुग्णालयात जाणार असाल तर जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली बाळंतपण, सिझर, औषधं, तपासण्या, गरज पडल्यास रक्त आणि जेवण हे सगळं मोफत आहे. जेवण नॉर्मल बाळंतपणात ३ दिवस आणि सिझर झालं तर ७ दिवस. खासगी ठिकाणी काही जण पॅडपासून बाळाच्या दुपट्यापर्यंत सगळं देतात, काही जण औषधांची चिठ्ठी हातात देऊन दुकानात पाठवतात. म्हणून नाव नोंदवलेल्या ठिकाणी पुढच्या भेटीत तीन गोष्टी विचारा: तुम्ही काय देता आणि आम्ही काय आणायचं, लेबर रूममध्ये सोबत कोणाला येऊ देता, आणि सामान कुठे ठेवायचं. सोबतीचं मुद्दाम विचारा. सरकारी रुग्णालयांसाठीच्या ‘लक्ष्य’ कार्यक्रमात, जो २०१७ मध्ये सुरू झाला, कळांच्या वेळी बाईच्या पसंतीची सोबतीण असावी असं धरलेलं आहे. तरी जागा आणि गर्दी पाहून जागोजागी वेगळं चालतं. आईला आत येऊ देणार असतील तर बाहेर बॅगेजवळ दुसरं माणूस लागेल, आणि ते कोण हे आजच ठरवायला हवं.

तुमच्या बाबतीत सगळ्यात मोठी गोष्ट कपड्यांची नाही, कागदांची आहे. नऊ महिन्यांच्या तपासण्या पुण्याला आणि बाळंतपण चिपळूणला, म्हणजे जी डॉक्टर तुमचं बाळंतपण करणार तिने तुम्हाला फार तर शेवटचे सहा-सात आठवडे पाहिलेलं असणार. आधीचं सगळं तिला तुमच्या फाईलमधूनच कळणार. माहेरी येणाऱ्या मुलींच्या फाईलमध्ये शेवटची सोनोग्राफी नेहमी असते, आणि पहिली पुण्याच्या किंवा मुंबईच्या कपाटात राहिलेली असते. खरं तर बाळंतपणाच्या तारखेसाठी सगळ्यात भरवशाची सोनोग्राफी पहिल्या तीन महिन्यांतली. त्या वेळी बाळाच्या लांबीवरून काढलेली तारीख चार-पाच दिवसांपलीकडे सहसा चुकत नाही. शेवटच्या महिन्यातल्या सोनोग्राफीची तारीख दोन-तीन आठवडे इकडेतिकडे होऊ शकते, कारण तेव्हा एखादं बाळ जात्याच मोठं असतं तर एखादं लहान. तारीख उलटून गेली आणि कळा सुरू करायच्या का हे ठरवायची वेळ आली, तर डॉक्टर पहिला रिपोर्ट मागणारच. तो असेल तर निर्णय सोपा होतो.

निघण्यापूर्वी पुण्याच्या डॉक्टरांकडून एक पानाचा सारांश लिहून घ्या. रक्तगट, हिमोग्लोबिन, साखर आणि थायरॉइडचे आकडे, एचआयव्ही, कावीळ-बी आणि व्हीडीआरएलचे (सिफिलिस या गुप्तरोगाच्या तपासणीचे) रिपोर्ट, धनुर्वाताची इंजेक्शनं कधी झाली, कोणत्या गोळ्या चालू आहेत आणि कशाची ॲलर्जी आहे. ॲलर्जी असेल तर ती सारांशाच्या अगदी वर, मोठ्या अक्षरांत, लाल पेनाने. माता व बाल सुरक्षा कार्ड पुण्यात काढलं असेल तरी चिपळूणला चालतं. नसेल तर माहेरच्या आशाताईंकडे नोंद करून घ्या.

रक्तगट निगेटिव्ह असेल तर हे लक्ष देऊन वाचा. बाळाचा गट पॉझिटिव्ह निघाला तर तुम्हाला बाळंतपणानंतर ७२ तासांच्या आत अँटी-डी इंजेक्शन घ्यावं लागतं. ते महाग असतं, थंड ठेवावं लागतं आणि प्रत्येक गावात प्रत्येक वेळी मिळेलच असं नाही. भर पावसात, रस्ता बंद असताना नवऱ्याला ते शोधत फिरावं लागू नये म्हणून जूनमध्येच दवाखान्यात विचारून ठेवा. शिवाय तुमच्या गटाच्या दोन माणसांची नावं आणि नंबर कागदावर लिहून त्याच फाईलमध्ये ठेवा. बहुतेक वेळा लागत नाहीत. पण लागतात तेव्हा घाई असते.

कागद कसे ठेवायचे तेही सांगते. चेनची जाड प्लॅस्टिकची पिशवी घ्या, कारण आपल्याकडे जुलैत रिक्षातून दवाखान्याच्या पायरीपर्यंत जाईपर्यंतसुद्धा फाईल भिजते. सगळ्यात वर सारांशाचं पान, त्याखाली माता व बाल सुरक्षा कार्ड, रक्तगटाचा रिपोर्ट, पहिली सोनोग्राफी, शेवटची सोनोग्राफी, मग बाकीचे रिपोर्ट तारखेप्रमाणे. मागच्या बाजूला तुमच्या आणि नवऱ्याच्या आधार कार्डाच्या प्रती, तुमच्या बँक पासबुकाच्या पहिल्या पानाची प्रत, दोन फोटो आणि विमा असेल तर त्याचं कार्ड. विम्यात बाळंतपण धरलं आहे का आणि त्यासाठीचा थांबण्याचा काळ पूर्ण झाला आहे का, हे कंपनीला फोन करून आत्ताच विचारा. काउंटरवर रात्री ते कळून उपयोग नसतो. प्रत्येक कागदाचा फोटो आईच्या आणि नवऱ्याच्या फोनमध्ये असू द्या.

त्याच पिशवीत एक साधा कागद ठेवा, ज्यावर तुमचं आणि नवऱ्याचं पूर्ण नाव आधारवर आहे तसंच, मराठीत आणि इंग्रजीत लिहिलेलं असेल. बाळाच्या जन्माची नोंद २१ दिवसांत व्हायची असते आणि दवाखान्यात ती माहिती बहुतेकदा मामा नाहीतर आजोबा सांगतात. माहेरचं नाव की सासरचं, आडनावाचं स्पेलिंग कसं, इथे हमखास गोंधळ होतो, आणि नंतर तो दुरुस्त करायला खेपा पडतात. महाराष्ट्रात १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचं नावही येतं, त्यामुळे तुमच्या नावाचं स्पेलिंग आता जास्तच महत्त्वाचं झालं आहे. बाळाचं नाव ठरलं नसलं तरी नोंद अडत नाही. बारसं झाल्यावर नाव घालता येतं, आणि वर्षाच्या आत घातलं तर त्याला पैसेही पडत नाहीत.

आता लेबर रूमची पिशवी. ही लहान असू द्या, कापडी, एका हाताने उचलता येईल अशी. ‘बाळाचे कपडे द्या’ असं दारातून आम्ही ओरडतो तेव्हा नातेवाइकांना वाटतं की झबलं-टोपडं छानसं हवं आहे. आम्हाला पहिल्यांदा हवे असतात दोन मऊ, कोरडे, सुती कपडे, साधारण हातभर लांब-रुंद. बाळ ओलं जन्माला येतं आणि ओल्या अंगाने फार लवकर गार पडतं. एका कपड्याने त्याला पुसायचं, तो ओला कपडा बाजूला टाकायचा, बाळाला आईच्या उघड्या छातीवर ठेवायचं आणि दुसरा कपडा वरून पांघरायचा. मग टोपडं, कारण डोक्यातून उष्णता सगळ्यात जास्त जाते. झबलं नंतर सावकाश घातलं तरी चालतं. म्हणून हे दोन कपडे आणि एक टोपडं एका वेगळ्या स्वच्छ पिशवीत बांधा, तिच्यावर मोठ्या अक्षरांत ‘बाळ – पहिलं’ असं लिहा, आणि ती सगळ्यात वर ठेवा. दारातून हात आला की बाहेरच्या माणसाने एवढीच द्यायची.

या लहान पिशवीत बाकी फार काही नको. स्ट्रॉची किंवा नळीची पाण्याची बाटली, कारण कळा येत असताना उठून ग्लासने पाणी पिणं जमत नाही. केस बांधायला दोन रबर. पायात सरकवायच्या, न घसरणाऱ्या रबरी चपला. पुढून उघडणारा एक सुती गाऊन, एक पॅडचं पाकीट आणि गडद रंगाच्या दोन निकर. चष्मा असेल तर त्याची डबी. लेन्स लावून येऊ नका. चालू औषधं, म्हणजे थायरॉइडची, बीपीची गोळी, इन्सुलिन किंवा दम्याचा पंप, मूळ पाकिटासकट ठेवा. पाकिटातून काढून डबीत भरलेल्या गोळ्या ओळखता येत नाहीत. खाण्याचं मात्र स्वतःच्या मनाने काही करू नका. सिझर ठरलेलं असेल तर किती तास आधी खाणं-पिणं बंद करायचं हे डॉक्टर सांगतील. कळांमध्ये काय चालेल ते तिथल्या सिस्टरला विचारा. घरून निघताना ‘अंगात ताकद हवी’ म्हणून पोटभर जेवायला घालतात, त्याने कळांमध्ये उलट्या होतात आणि ऐनवेळी भूल द्यायची वेळ आली तर धोका वाढतो.

अंगावर काय नसावं, हे तितकंच महत्त्वाचं. डोहाळजेवणाचा हिरवा चुडा घालून मुली येतात. सौभाग्याची गोष्ट आहे, म्हणून कोणी काढायला सांगत नाही. पण काचेच्या बांगड्या जोर लावताना कॉटच्या दांड्यावर आपटून फुटतात, सलाईनची सुई लावताना अडतात, आणि काच मनगटात घुसते. त्या आदल्या आठवड्यातच आईच्या हातून नीट काढून ठेवा, सव्वा महिन्यानंतर पुन्हा भरा. अंगठ्या तर आत्ताच काढा. शेवटच्या महिन्यात बोटं सुजतात आणि मग अंगठी कापून काढावी लागते. मंगळसूत्र, पैंजण, चमकी हे सिझरला जाताना काढावंच लागतं, कारण तिथे रक्त थांबवायला विजेचं यंत्र वापरतात आणि अंगावरच्या धातूमुळे भाजू शकतं. मंगळसूत्र कोणाच्या हातात द्यायचं हेही ठरवून ठेवा. गर्दीत, घाईत सोनं उशीखाली ठेवलं जातं आणि चादरीबरोबर धोबीकामाला निघून जातं. नेलपॉलिश काढून या. बोटाला लावायचा ऑक्सिजनचा चिमटा त्यावरून नीट आकडा दाखवत नाही.

तिसरी ती वॉर्डातली मोठी बॅग. ही पहिल्या दिवशी गाडीत किंवा घरी राहिली तरी बिघडत नाही. सरकारी ठिकाणी नॉर्मल बाळंतपणानंतर निदान ४८ तास ठेवतात, सिझर असेल तर ४-५ दिवस किंवा जास्त. तुम्ही सिझर धरूनच भरा, मग कसंही झालं तरी पुरेल. पोटावर टाके असताना वाकता येत नाही आणि नाडीचा परकर नेमका टाक्यांवर कचतो. म्हणून पुढून उघडणारे सैल गाऊन तीन-चार, आणि निकर नेहमीपेक्षा एक माप मोठ्या, पोटावर वर येणाऱ्या. पॅड जास्त घ्या, पहिल्या दोन दिवसांत भराभर लागतात. घरी तुम्ही सुती घड्या वापरत असाल तरी दवाखान्यात पॅडच वापरा, कारण किती रक्त जातंय याचा अंदाज आम्हाला त्यावरून येतो. तासाभरात एक पॅड पूर्ण भिजत असेल तर लाजू नका, लगेच सिस्टरला बोलवा.

बाळाच्या कपड्यांवर आणि सासूबाईंच्या म्हणण्यावर थोडं सविस्तर बोलते, कारण तुम्ही त्याने अस्वस्थ झाला आहात असं प्रश्नावरून जाणवलं. आधी काही आणू नये, ही रीत ज्या काळात पडली त्या काळात प्रत्येक घरात एखादं मूल जन्मताना गेलेलं असायचं, आणि त्याच्यासाठी शिवलेले कपडे पेटीत तसेच राहायचे. त्या दुःखातून आलेल्या गोष्टीशी मी वाद घालत नाही. आपल्याकडेच त्याचा सुंदर मार्ग आहे: बाळाला पहिलं झबलं जुनंच घालायचं, नात्यातल्या एखाद्या खेळत्या-बागडत्या मुलाचं. म्हणजे नवीन विकत काही घ्यायचं नाही, मागून आणायचं. जुनं सुती कापड धुऊन धुऊन मऊ झालेलं असतं, आईच्या नऊवारीचं दुपटं तर बाजारातल्या कुठल्याही महागड्या चादरीपेक्षा बाळाच्या अंगाला चांगलं. सासूबाईंकडूनच मागा. पुण्याच्या घरातलं एखादं दुपटं त्यांनी स्वतःच्या हाताने दिलं तर त्यांचं मनही राहील आणि तुमची पिशवीही भरेल.

फक्त एक काळजी घ्या, आणि ही अगदी गंभीरपणे सांगते. पेटीतून काढलेल्या जुन्या कपड्यांना डांबराच्या गोळ्यांचा वास असतो. काही बाळांच्या रक्तात जन्मतः एका एन्झाइमची कमतरता असते, जिला जी-सिक्स-पी-डी म्हणतात, आणि ती आहे हे आपल्याला आधी माहीत नसतं. अशा बाळाला त्या गोळ्यांच्या वासाच्या कपड्यांत गुंडाळलं तर रक्तपेशी फुटतात आणि जोराची कावीळ होते. म्हणून ते कपडे साध्या साबणाने दोनदा धुवा, गरम पाण्यातून काढा आणि कडक उन्हात वाळवा. वास पूर्ण गेला पाहिजे. कोकणात जूनच्या दुसऱ्या आठवड्यानंतर असं ऊन मिळणार नाही, तेव्हा हे काम पुण्यातच उरकून कपडे बांधून आणा.

पाऊस म्हटल्यावर लंगोटांचं गणित बदलतं. उन्हाळ्यात १५ लंगोट पुरतात. जुलैत ते वाळतच नाहीत, दमट लंगोटाने पुरळ येतं, तेव्हा दुप्पट ठेवा. रात्रीपुरते लहान डायपर ठेवायला माझी हरकत नाही. मात्र पहिले काही दिवस दिवसा तरी लंगोटच बांधा. पहिल्या दिवशी एकदा, दुसऱ्या दिवशी दोनदा अशी शू वाढत जाते आणि पाचव्या-सहाव्या दिवसापासून दिवसाला सहा किंवा जास्त वेळा व्हायला हवी. बाळाला दूध पुरतंय हे ओळखायची घरातली सगळ्यात सोपी खूण तीच आहे, आणि डायपरमध्ये ती कळत नाही. झबली पाच-सहा, टोपडी तीन, दुपटी पाच-सहा, एक गरम पांघरूण. हातमोजे-पायमोज्यांचे सेट, बूट, उशी यांतलं काहीही नको. कुंची घरी गेल्यावर घाला. नवजात बाळाच्या चेहऱ्याजवळ झालरी आणि नाड्या नकोत.

बॅगेतून काढून टाकायच्या वस्तू: दुधाची बाटली, पावडरचा डबा, मध, गुटीचं सामान, काजळ, तेल. पहिलं घट्ट पिवळसर दूध, ज्याला आपण चीक म्हणतो, थेंब-थेंबच येतं आणि पहिल्या दिवशी बाळाला तेवढंच लागतं. आमच्याकडे बाळ पहिल्या तासातच छातीला लावतात. मधाचं बोट चाटवायची रीत अनेक घरांत आहे, पण मधात असे जंतू असू शकतात जे वर्षाच्या आतल्या बाळाला लुळं पाडू शकतात. ते टाळायलाच हवं. बाटली जवळ असली की पहिल्याच रात्री, बाळ रडलं की, कोणीतरी ती काढतंच. नसली की सगळे धीर धरतात आणि दूध येतं. बाटल्या आणि पावडरीची जाहिरात करायला १९९२च्या कायद्याने बंदी आहे, ती याचसाठी. त्याऐवजी एक छोटी स्टीलची वाटी आणि चमचा उकळून, स्वच्छ डबीत बंद करून ठेवा. बाळ नीट ओढत नसेल तर हाताने पिळून काढलेला चीक त्यातूनच पाजतो. वरचं दूध खरोखर लागलं तर डॉक्टर लिहून देतील, आणि तेही वाटी-चमच्यानेच. आंघोळीला किमान २४ तास थांबायचं, त्यामुळे साबण-पावडर-तेलाची पेटी घरीच राहू दे.

आईसाठी, म्हणजे जी रात्रभर बाकावर बसणार आहे तिच्यासाठी, वेगळी सोय करा. याद्यांमध्ये ती कुठेच नसते. तिची बीपी-साखरेची औषधं, एक चादर, एक शाल, थर्मास, बिस्किटं, सुट्टे पैसे. मोबाईलची लांब वायर आणि चार्ज केलेली पॉवर बँक हवीच, कारण आपल्याकडे पावसात वीज गेली की कधी येईल सांगता येत नाही. डिंकाचे आणि आळिवाचे लाडू पहिल्या दिवशी आणू नका. तेव्हा पेज, मऊ भात आणि भरपूर पाणी लागतं. टाके असताना शौचाला कडक झालं तर फार त्रास होतो. लाडू घरी गेल्यावर सावकाश खायला आहेतच.

आता तुमच्या आईच्या ‘घर जवळच आहे’ या म्हणण्याबद्दल. एरवी मी त्यांच्याशी सहमत झाले असते. पण चिपळूणमध्ये २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी नदीचं पाणी शहरात शिरलं होतं, आणि तुमची तारीख बरोबर त्याच दिवसांतली आहे. माहेरचं घर बाजारपेठेच्या किंवा नदीच्या बाजूला खोलगट भागात असेल तर जुलैच्या तिसऱ्या आठवड्यापासून उंचावरच्या नातेवाइकांकडे राहायला जाणं मला योग्य वाटतं, आणि बॅगही तिथेच. मोठी सोय लागली तर कुठे जायचं, कामथ्याचं उपजिल्हा रुग्णालय, डेरवणचं वालावलकर रुग्णालय की थेट रत्नागिरी, हे डॉक्टरांशी बोलून एका कागदावर लिहून ठेवा. परशुराम घाट किंवा कुंभार्ली बंद असेल तर कोणता रस्ता, तेही. गरोदर बाईला ने-आण करायला १०२, आणि तातडीच्या वेळी १०८. हे दोन्ही नंबर घरातल्या सगळ्यांना पाठ हवेत. पुण्याहूनही पाऊस जोर धरायच्या आत निघा. ३४व्या-३५व्या आठवड्यापर्यंत डॉक्टरांना विचारून आलात तर इथल्या डॉक्टरांनाही तुम्हाला दोन-तीनदा पाहता येईल.

थोडक्यात पिशव्या तीन: कागदांची, लेबर रूमची आणि वॉर्डची. ३५व्या आठवड्यापर्यंत तिन्ही तयार असाव्यात. जुळं असेल किंवा बीपी वाढलेलं असेल तर आजच. तयार झाल्या की एक काम करा. तुम्ही दुसऱ्या खोलीत बसा आणि आईला म्हणा, ‘बाळाचं पहिलं द्या’, ‘रक्तगट द्या’, ‘गोळ्या द्या’. त्यांना शोधावं लागलं तर वस्तूची जागा बदला. हे आई आणि नवरा दोघांकडूनही करून घ्या. नवरा पुण्याहून पोचेपर्यंत बाळ झालेलं असू शकतं, म्हणून भाऊ किंवा वहिनी असेल तर त्यांनाही दाखवा.

आणि काही वेळा बॅगेकडे बघायचंही नाही. पाणी गेलं आणि ते हिरवट किंवा काळपट असेल, लाल रक्त जात असेल, बाळाची हालचाल कमी झाली किंवा थांबली असेल, डोकं असह्य दुखत असेल, डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, फिट आली असेल, तर फक्त कागदांची पिशवी उचला आणि निघा. बाकीचं मागून कोणीही आणेल. साध्या कळांमध्ये, पहिल्या वेळेला, पाच-पाच मिनिटांनी येऊन मिनिटभर टिकणाऱ्या कळा तासभर सुरू राहिल्या की निघायचं असं सांगतात. तुम्ही पावसात आणि रस्त्यांच्या भरवशावर आहात, तेव्हा दहा मिनिटांवर आल्या की निघालात तरी कोणी तुम्हाला परत पाठवणार नाही. पाठवलंच तर मनाला लावून घेऊ नका.

घरी जातानाचं राहिलं. डिस्चार्जच्या दिवशी सगळ्यांना गाडीची आणि ओवाळण्याची घाई असते. कॉटवरून उठण्याआधी आईला कागदांच्या पिशवीत चार गोष्टी आल्या का पाहायला सांगा: तुमचं डिस्चार्ज कार्ड, बाळाचं जन्मवजन आणि रक्तगट, बीसीजी, पोलिओचा पहिला डोस आणि २४ तासांच्या आत द्यायची कावीळ-बीची लस यांची तारखांसह नोंद, आणि जन्मनोंदणीची पावती किंवा क्रमांक. मातृ वंदना योजनेत पहिल्या बाळासाठी ५,००० रुपये दोन हप्त्यांत मिळतात, त्यातल्या दुसऱ्या हप्त्याला जन्मनोंदणी आणि लसींची नोंद दाखवावी लागते. म्हणून ती पिशवी घरी गेल्यावर माळ्यावर टाकू नका. दीड महिन्याच्या लसीला जाताना तीच बरोबर न्यायची आहे.